शिखराच्या कितीतरी अलीकडे: शिशापांग्मा, १९९९

५ ऑक्टोबर १९९९. तिबेटमधल्या शिशापांग्माच्या दक्षिण अंगाला, पायथ्याच्या हिमनदीवरून तीन जण चालले होते. ॲलेक्स लो, कॉनरॅड अँकर आणि कॅमेरा सांभाळणारा डेव्हिड ब्रिजेस. कड्यावर चढाई अजून सुरूच झाली नव्हती. वर जायला कुठून वाट निघते ते पाहायचं, आपल्याकडचे गिर्यारोहक ज्याला रेकी म्हणतात ती करायची, एवढंच त्या दिवसाचं काम. त्यांच्यापासून सुमारे १,८०० मीटर वर टांगलेला बर्फाचा एक प्रचंड ठोकळा सुटला. लो आणि ब्रिजेस गेले, अँकर वाचला.

प्रकरण अभ्यास म्हटला की आपण चूक शोधायला बसतो. दोर कच्चा होता का, हवामानाचा अंदाज धाब्यावर बसवला का, परतायची वेळ टळून गेली होती का. अपघातांच्या बहुतेक अहवालांत असं काहीतरी सापडतं आणि वाचणाऱ्याला हायसं वाटतं, की आपण तसं करणार नाही. या प्रकरणात ते हायसं वाटणं मिळत नाही, म्हणूनच ते पुन्हा मांडायला घेतलं आहे.

डोंगर

शिशापांग्मा ८,०२७ मीटर उंच, आठ हजार मीटरवरच्या चौदा शिखरांत उंचीने शेवटचं. चौदापैकी संपूर्णपणे तिबेटच्या हद्दीत असलेलं हे एकच. त्यामुळे परदेशी गिर्यारोहकांना तिथे पोचता येईना, आणि चौदांमध्ये ते सर झालंही सगळ्यांत शेवटी: २ मे १९६४ रोजी, शू जिंग यांच्या नेतृत्वाखालच्या चिनी मोहिमेकडून. दहा जण माथ्यावर पोचले. तिबेटी नावाचा अर्थ गवताळ माळरानावर उठलेली धार असा काहीसा सांगतात. उत्तरेकडून पाहिलं तर तो पटतो. पसरट पठार, याकांचे कळप, त्यामागे पांढरी धार. जुन्या नकाशांवर मात्र या शिखराचं नाव गोसाईंथान असं आहे. गोसाव्याचं ठाणं. मराठी माणसाला हे नाव समजावून सांगावं लागत नाही.

उत्तरेची बाजू तुलनेने सोपी, लांबलचक. दक्षिण-पश्चिमेचा कडा म्हणजे वेगळाच डोंगर: दोन हजार मीटरहून उंच, सरळ उभा. १९८२ च्या मे महिन्यात डग स्कॉट, ॲलेक्स मॅकिंटायर आणि रॉजर बॅक्स्टर-जोन्स या ब्रिटिशांनी तो पहिल्यांदा चढला. ना ऑक्सिजनची नळकांडी, ना आधी लावून ठेवलेले दोर. १९९९ च्या अमेरिकन मोहिमेला हीच बाजू हवी होती, आणि नुसती चढायला नव्हे. आठ हजार मीटरच्या माथ्यावरून स्कीवर खाली येणारे पहिले अमेरिकन होणं हा त्यांचा बेत होता.

रस्ता

दक्षिण बाजूला जायचा रस्ता काठमांडूहून निघतो. महाराष्ट्रातल्या हजारो लोकांना तो माहीत आहे, फक्त वेगळ्या कारणासाठी. २०१५ च्या भूकंपाने कोदारीची सीमा बंद पडेपर्यंत काठमांडूमार्गे कैलास-मानसरोवरला जाणाऱ्या यात्रा कंपन्यांच्या गाड्या इथूनच जात. अरनिको राजमार्ग, कोदारीचा मैत्री पूल, पलीकडे खासा (चिनी नाव झांगमू), मग न्यालम. यात्रेकरू तिथून पुढे सागाकडे वळत आणि शिशापांग्माला जाणारे न्यालममध्ये गाड्या सोडून पायी निघत. पुण्या-नाशिकच्या कितीतरी आजी-आजोबांनी न्यालमच्या थंडगार खोलीत डोकं धरून काढलेली रात्र ही अशा मोहिमांचीही पहिली वाईट रात्र असते.

वाईट का, ते आकड्यांवरून कळतं. काठमांडू साधारण १,४०० मीटरवर. मैत्री पूल पावणेदोन हजारांच्या आसपास, म्हणजे कळसूबाईच्या माथ्यापेक्षा शंभरेक मीटर जास्त. तिथून चाळीसेक किलोमीटरच्या दरीतल्या रस्त्याने गाडी न्यालमला पोचते ती ३,७५० मीटरच्या घरात. म्हणजे एका दुपारच्या प्रवासात दोन हजार मीटर. तीन हजारांच्या वर मुक्कामाची उंची रात्रीमागे तीनशे-पाचशे मीटरपेक्षा जास्त वाढवू नये, हा उंचीवरच्या वैद्यकातला साधा नियम. या रस्त्यावर तो पाळायचा तर गाडी सोडून चालतच जावं लागेल. म्हणून सगळे न्यालमला दोन रात्री थांबतात, दिवसा जवळच्या टेकाडावर चढून उतरतात, पाणी पितात, डोकेदुखी उतरायची वाट पाहतात. हवेतला प्राणवायू इथे समुद्रसपाटीच्या दोन-तृतीयांशाहूनही कमी हाती लागतो. माथ्यावर जेमतेम एक-तृतीयांश.

पुलावर घड्याळही बदलतं. काठमांडू आपल्यापेक्षा पंधरा मिनिटं पुढे, आणि पूल ओलांडला की आणखी सव्वादोन तास पुढे, कारण तिबेटातही बीजिंगची वेळ चालते. सकाळी लवकर निघालेली गाडीसुद्धा पलीकडे गेल्यावर उशिरा पोचलेली असते. सामान एका बाजूला उतरायचं, हमालांच्या पाठीवरून पूल पार करायचं, पलीकडच्या ट्रकमध्ये चढायचं. स्की म्हणजे माणसाहून लांब काठ्या. बटाट्याच्या पोत्यांसारख्या त्या रचता येत नाहीत.

भोटेकोशी नदीची ही दरी म्हणजे जुना व्यापारी मार्ग. नेपाळी व्यापारी न्यालमला कुती म्हणत. मीठ आणि लोकर खाली, तांदूळ वर. अठराव्या शतकाच्या अखेरीस याच वाटांवरून नेपाळ आणि तिबेट यांच्यात लढाया झाल्या. पावसाळ्यात आणि तो सरता सरता इथे दरडी कोसळणं नित्याचं. सप्टेंबरात निघालेल्या कोणत्याही मोहिमेला एखाद्या दरडीशी थांबून सामान माणसांच्या पाठीवर पलीकडे न्यायची तयारी ठेवावी लागे. हे मुद्दाम सांगतो, कारण दरडीचा मुद्दा पुढे येणार आहे.

न्यालमपासून गाडीरस्ता संपला की याक. परवाना तिबेटमधल्या गिर्यारोहण संघटनेचा, सोबत लायझन ऑफिसर, सामान याकांवर. दोन-तीन दिवसांच्या चालीत गवताची कुरणं संपून दगडगोट्यांची हिमोढ लागते आणि पाच हजार मीटरच्या वर तळ पडतो. काठमांडूतल्या खरेदीपासून इथवर येताना मनात एकच चित्र तयार होत जातं: तो कडा. कड्याचे फोटो, त्यावरच्या रेषा, बर्फ कसा असेल, स्की कुठून मारायची. महिन्याभराचा प्रवास माणसाचं लक्ष वर, आणखी वर नेऊन बांधतो. या प्रकरणाचा गाभा मला तिथे दिसतो.

माणसं

मोहिमेत नऊ जण. लो चाळीस वर्षांचा, मोंटानातल्या बोझमनचा, तीन मुलांचा बाप. त्या काळी जगातला सर्वांत दमदार गिर्यारोहक म्हणून अनेक जण त्याचंच नाव घ्यायचे. एव्हरेस्ट दोनदा. १९९५ मध्ये अलास्कातल्या डेनालीवर अडकलेल्या स्पॅनिश गिर्यारोहकांना सोडवायला गेला तेव्हा त्यातल्या एकाला त्याने पाठीवर घेऊन वर नेलं, हेलिकॉप्टर उतरू शकेल अशा जागेपर्यंत. १९९९ च्याच उन्हाळ्यात तो पाकिस्तानात ग्रेट ट्रँगो टॉवरच्या वायव्य भिंतीवर होता. तिथून परतला आणि दोन-अडीच महिन्यांत शिशापांग्माखाली.

अँकर त्याचा जिवलग दोस्त. त्याच वर्षी १ मे रोजी एव्हरेस्टच्या उत्तर उतारावर, १९२४ मध्ये तिथेच हरवलेल्या जॉर्ज मॅलरी या ब्रिटिश गिर्यारोहकाचा मृतदेह त्याला सापडला होता, पंचाहत्तर वर्षांनी. एका डोंगराने ठेवून घेतलेला माणूस शोधून तो आला होता आणि पाच महिन्यांनी दुसऱ्या डोंगराखाली उभा होता. योगायोगांतून अर्थ काढायची मला सवय नाही, पण हा नोंदवल्यावाचून राहवत नाही. ब्रिजेस २९ वर्षांचा, ॲस्पेनचा, पॅराग्लायडिंगमध्ये दोनदा अमेरिकेचा राष्ट्रीय विजेता. बाकीच्यांत अँड्र्यू मॅक्लीन, मार्क हॉलब्रुक, हान्स सारी, क्रिस्टोफर एरिक्सन अशी उतारावरची पक्की स्कीपटू मंडळी.

आणखी एक गोष्ट सोबत होती: सॅटेलाइट फोन. मोहिमेची हालहवाल तळावरून इंटरनेटवर जात होती. १९९९ मध्ये हे नवलाईचं होतं. घरी बसलेली माणसं वाचत होती की आज पार्टी न्यालमला पोचली, आज तळ पडला. घरच्यांना वाईट बातमी येते ती आठवड्यांनी, पत्रातून किंवा परतलेल्या साथीदाराच्या तोंडून, हा गिर्यारोहणातला जुना रिवाज होता. तो आता मोडत चालला होता.

स्कीचा हिशोब

स्की-गिर्यारोहण म्हणजे वर जाताना स्कीच्या तळाला स्किन नावाच्या पट्ट्या चिकटवायच्या. त्या पुढे सरकतात, मागे घसरत नाहीत. पूर्वी सीलच्या कातड्याच्या असत, आता नायलॉनच्या किंवा मोहेरच्या. उतार फार उभा झाला की स्की पाठीवर, पायांत क्रॅम्पॉन, म्हणजे बुटांना बांधायचे पोलादी खिळे. माथ्यावरून स्किन काढून खाली. जो उतार पायी उतरायला दीड-दोन दिवस लागतात तो स्कीवर काही तासांत उतरता येतो. मृत्यूच्या पट्ट्यात, म्हणजे आठ हजार मीटरच्या आसपासच्या विरळ हवेत, जितका कमी वेळ तितकं बरं, या तर्काने पाहिलं तर स्की हे चैनीचं साधन उरत नाही, सुरक्षेचं होतं.

पण हिशोबाची दुसरी बाजू आहे. चढणाऱ्याला कडक, गोठलेला बर्फ आवडतो. स्की करणाऱ्याला बर्फाचा थर हवा. म्हणून पावसाळ्यानंतरचा ऋतू, कारण तेव्हा हिमालयाचे उतार नव्या बर्फाने भरलेले असतात. स्कीला चांगला असणारा उतार आणि हिमस्खलनाला तयार असणारा उतार यांत अनेकदा फरक नसतो. त्यामुळे अशी मंडळी बर्फाच्या थरांबद्दल फार जागरूक असतात. खड्डा खणून थर तपासतात, उतारावर एकेकाने जातात.

या सगळ्या जागरूकतेचा ५ ऑक्टोबरला उपयोग नव्हता.

तो दिवस

वाट शोधायला मंडळी गटागटाने पांगली होती. लो, अँकर आणि ब्रिजेस हिमनदीवरून आडवे चालले होते. उतार फारसा नव्हता, म्हणून तिथल्या थराबद्दल शंका घ्यायचं कारण नव्हतं. पण जे आलं ते त्या थरातून आलं नाही. सेरॅक म्हणजे हिमनदीचा कड्याच्या ओठावर येऊन थांबलेला तुकडा, इमारतीएवढा, कधी अख्ख्या चाळीएवढा. मागची हिमनदी त्याला रोज थोडीथोडी पुढे ढकलत असते. एक दिवस तो पडणार हे नक्की. तो दिवस कोणता, हे हवामानावरून, उन्हावरून किंवा खड्डा खणून सांगता येत नाही.

सेरॅक फुटल्यावर त्याने वाटेतला बर्फ सोबत घेतला. खाली पोचेपर्यंत लाटेची रुंदी दीडशे मीटरच्या घरात गेली होती. तिघांना दिसलं तेव्हा निर्णयाला काही सेकंदं होती. लो आणि ब्रिजेस उताराच्या दिशेने, खाली पळाले. अँकर बाजूला पळाला. लाटेने त्याला वीसेक मीटर फेकलं. दोन बरगड्या मोडल्या, खांदा निखळला, डोक्याला जखमा झाल्या. उठून पाहिलं तर समोर फक्त बर्फ.

दुसऱ्या गटातले वाचले होते. सगळ्यांनी मिळून सुमारे वीस तास शोध घेतला. गाडलेला माणूस पंधरा मिनिटांत बाहेर काढला तर दहांपैकी नऊ जण वाचतात, पस्तीस मिनिटांनी तीनच, असं स्वित्झर्लंडमधल्या अपघातांच्या जुन्या अभ्यासातून दिसलं होतं. तेही मऊ हिमातले आकडे. इथे ठेचलेला बर्फ होता, काही मिनिटांत सिमेंटसारखा होणारा. वीस तासांमागे आशा होती असं मला वाटत नाही. साथीदाराला तसाच टाकून निघता येत नाही, इतकंच. मग मोहीम गुंडाळली.

चूक कोणती?

या प्रसंगाची चर्चा निघाली की लोक पहिल्यांदा दिशेवर बोट ठेवतात. अँकर बाजूला पळाला म्हणून वाचला, तर नियम करा: बाजूला पळा. नियम वाईट नाही. लाटेच्या वाटेतून बाहेर पडायचं तर आडवं जाणंच शहाणपणाचं. पण तीन माणसांवरून नियम बसवताना सावध असावं. लाट दोनशे मीटर रुंद असती किंवा अँकर मधोमध असता, तर तोही गेला असता आणि आपण दिशेबद्दल बोललोच नसतो. वाचलेल्याचं पाऊल नेहमीच शहाणं दिसतं.

मग उपकरणांचा विषय निघतो: गाडलेल्याचा ठाव सांगणारे बीकन, फावडी, माणसाला बर्फाच्या वर ठेवायला फुगणाऱ्या हवेच्या पिशव्या. शेकडो टन बर्फाच्या ठोकळ्यांपुढे यांचा पाड लागत नाही.

मला यातलं खरं ते वेळेचं वाटतं. माळशेज घाटातली पाटी आठवा: दरडप्रवण क्षेत्र, वाहन थांबवू नये. ती पाटी दरड कधी पडेल ते सांगत नाही. तिथे कमी वेळ राहा, एवढंच सांगते. सेरॅकखालच्या जागेचा हिशोब हाच. धोका कमी करायचा उपाय एकच, त्याखाली घालवलेली मिनिटं कमी करणं. १८ एप्रिल २०१४ रोजी एव्हरेस्टच्या खुंबू आइसफॉलमध्ये, म्हणजे हिमनदी तुटून तुकड्यातुकड्यांनी खाली येते त्या टप्प्यात, पश्चिम खांद्यावरून सेरॅक कोसळून सोळा नेपाळी कामगार मेले. त्यानंतरच्या वर्षी दोराची वाट त्या खांद्यापासून लांब, आइसफॉलच्या मध्याकडे सरकवली गेली. तिथे वाट आखणारी यंत्रणा आहे, रोज शेकडो माणसं जातात, म्हणून ते करता आलं. शिशापांग्माच्या दक्षिणेला वाट शोधायची म्हणजे मुळातच त्या कड्याखाली थांबायचं, मान वर करून पाहायचं, पुढे-मागे फिरायचं. रेकीचं काम आणि दरडीखाली न थांबण्याचा नियम यांचं जमत नाही.

त्यात भर प्रवासाने घडवलेल्या मनाची. काठमांडू, पूल, न्यालम, याक, तळ. महिनाभर सगळी शक्ती आणि काळजी उद्याच्या कड्यासाठी राखून ठेवलेली. हिमनदीवरची चाल हा मधला दिवस. मधल्या दिवसात माणूस सैल असतो. हे मी लो किंवा अँकरबद्दल म्हणत नाही. त्यांच्या मनात काय होतं ते मला कसं कळणार? सह्याद्रीतल्या ट्रेकर्सना मात्र विचारा, घसरून पडायचे प्रसंग सुळक्यावर जास्त येतात की परतीच्या सोप्या पायवाटेवर.

म्हणून या प्रकरणात चूक एका पावलाची नाही. असलीच तर ती निवडीची, म्हणजे तो कडा, ती बाजू, तो ऋतू. आणि ती निवड चुकीची म्हणायची तर १९८२ चे तिघंही चुकले होते, फक्त त्यांच्या दिवशी काही सुटलं नाही.

याच शिखरावर पुढे काय झालं ते शेजारी ठेवून पाहा. २४ सप्टेंबर २०१४ रोजी स्की घेऊन वेगाने माथा गाठायला निघालेल्या युरोपीय संघातले सेबास्टियन हाग आणि आंद्रेआ झांबाल्डी माथ्याच्या थोडंच खाली हिमस्खलनात गेले. तिसरा, मार्टिन मायर, मेला असं समजून बाकीच्यांनी आशा सोडली होती. तो स्वतःच्या पायांनी खाली परतला. तिथे बर्फाचा थर सुटला होता, त्यामुळे उतार पारखायला जागा होती, मागे फिरायचा पर्याय होता. ७ ऑक्टोबर २०२३ रोजी उत्तरेच्या बाजूला पुन्हा दोन हिमस्खलनं झाली. चौदाही शिखरं चढणारी पहिली अमेरिकन स्त्री कोण, या शर्यतीतल्या ॲना गुटू आणि जिना रुझिडलो, तसेच त्यांच्यासोबतचे मिंगमार शेर्पा आणि तेनजेन शेर्पा असे चौघं गेले. पहिलं असण्याची घाई तिथे निर्णयाला ढकलत होती, असं म्हणता येतं. १९९९ मध्येही पहिलेपणाचा बेत होता. पण पायथ्याशी वाट शोधणाऱ्या माणसाला त्या दिवशी कसली घाई असणार?

नंतर

अँकर घरी आला. लोची बायको जेनिफर आणि तीन मुलं, यांच्या शेजारी उभं राहता राहता २००१ मध्ये त्याचं आणि जेनिफरचं लग्न झालं. मुलं त्याने दत्तक घेतली. हान्स सारी त्याच वर्षी शामोनीत स्की करताना पडून गेला. लोच्या नावाने निघालेल्या संस्थेतून नेपाळमधल्या फोर्त्से गावात खुंबू क्लाइंबिंग सेंटर उभं राहिलं. २००३ पासून तिथे शेर्पांना दोराचं, बर्फाचं, सुटकेचं रीतसर शिक्षण मिळतं. परदेशी मोहिमांचं ओझं वाहणाऱ्यांना असं शिक्षण आधी फारसं मिळत नव्हतं, हेही प्रकरणाचंच उपप्रकरण.

एप्रिल २०१६ च्या अखेरीस उली श्टेक आणि डेव्हिड गॉटलर या गिर्यारोहकांना त्या हिमनदीवर वितळत्या बर्फातून बाहेर येऊ लागलेले दोन देह दिसले. साडेसोळा वर्षं झाली होती. गॉटलरने अँकरला कळवून कपड्यांचं, पाठपिशव्यांचं, पिवळ्या कोफ्लाख बुटांचं वर्णन केलं. अँकरला पुढचं विचारावं लागलं नाही. त्या उन्हाळ्यात घरचे तिबेटात गेले आणि डोंगराच्या पायथ्याशीच दोघांना अग्नी दिला.

श्टेक आणि गॉटलर तिथे शोधायला गेले नव्हते. त्यांना दक्षिण कड्यावर नवी वाट काढायची होती. उंचीची सवय व्हावी म्हणून ते त्या दिवशी कड्याखालच्या हिमनदीवरून नुसते चालत होते.